चपला घाला, कुकर लावलाय

आमच्या घरी कुकर लावायचा, तर आधी सगळ्यांनी चपला घालायच्या असा नियम होता.

"कुकर ठेवते हो," अशी आईची आतून हाक आली, की अण्णा बाहेरच्या खोलीत उठून उभे राहायचे आणि दाराशी मांडलेल्या चपलांकडं बोट करायचे. मी अभ्यासाला बसलेली असो, तापानं फणफणलेली असो, घरात पाहुणा असो, सुटका नव्हती. कारण विचारलं तर कारण तयार होतं. "फुटला तर पत्रा अंगणात बी येतोय. अनवाणी पळशील का?" मग ते पुढचं दार सताड उघडून त्याला वीट लावायचे. तीन शिट्ट्या होईपर्यंत अण्णा, मी आणि आलेला पाहुणा चपला घालून दाराकडं तोंड करून बसलेले. पाहुणा नवा असेल तर तो एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा अण्णांकडं, आणि वरण-भाताला थांबायचं का नाही, याचा विचार करायचा.

आई मात्र आत, कुकरच्या शेजारीच असायची. हे मी सातवीत असताना एकदा बोलून दाखवलं. अण्णांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा चपला घालून आत, आईच्या शेजारी उभे राहायला लागले. त्यांनी आईला नव्या चपला आणल्या आणि शिट्टीकडं बघत म्हणाले, "आता दोघं संगंच जाऊ." आई म्हणाली, "मला वरण फोडणीला टाकू द्या, मंग जाऊ."

अण्णा म्हणजे माझे वडील, उत्तम साळवे. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं बॉयलर अटेंडन्टचं सर्टिफिकेट बाहेरच्या खोलीत, आई-अण्णांच्या लग्नाच्या फोटोपेक्षा जरा वर टांगलेलं होतं. सिडकोतल्या आमच्या गल्लीत त्यांना 'साळवे बॉयलर' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत.

बॉयलर म्हणजे काय, ते अण्णा मला लहानपणी समजावून सांगायचे. एक लोखंडी पिंप, चार खोल्यांएवढं. आत पाणी, पाण्यात नळ्या, नळ्यांत जाळ. वाफेला बाहेर पडायचं असतं आणि आपण तिला थोडी थोडी बाहेर सोडायची असते. पाणी कमी पडलं की नळ्या लाल होतात. लाल नळीवर एकदम पाणी पडलं की मग सांगायला कोणी उरत नाही. हे ते मला झोपवताना सांगायचे. इतर पोरांना राक्षस माहीत होते, मला बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप माहीत होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काय झालं नाय म्हून काय व्हणार नाय, असं नसतंय." हे वाक्य ते कुठंही वापरायचे. गिझरला, गच्चीला, शेजारच्यांच्या शांत कुत्र्याला, गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीला. मोबाइल आले तेव्हा मोबाइल चार्जिंगला लावायचा तो स्टीलच्या ताटात, ताट खिडकीत. नळाला पाणी यायच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घरघरायच्या. तेव्हा आमचे अण्णा गमबूट आणि कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून मोटारीचं बटण दाबायचे. समोरच्या काकू म्हणायच्या, "निघाले बघा साळवे चंद्रावर." संध्याकाळी सिलिंडर बंद करायचा तर त्याचीही उजळणी व्हायची. "बंद केला?" "केला." "बघितला?" "बघितला." "हात लावून?" "हात लावून." मग ते स्वतः जाऊन हात लावून यायचे.

वाचताना गंमत वाटत असेल. मलाही लिहिताना वाटते आहे. पण त्या घरात राहणाऱ्या मुलीला गंमत वाटत नव्हती. मला भीती वाटायची. सुरुवातीला अण्णांची, मग कुकरची, मग कशाचीही.

आठवीत आमची सहल दौलताबादच्या किल्ल्यावर गेली. अण्णांनी सोडलं. मुख्याध्यापक बाईंना दोन पानी पत्र लिहिलं, पण सोडलं. किल्ल्यात ती अंधारी वाट लागते ना, वळणावळणाची, वटवाघळांचा वास येणारी, तिच्या तोंडाशी आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या राहिलो. एकेक मुलगी किंचाळत, हसत आत जात होती. माझा नंबर आला तेव्हा मी गाइडला विचारलं, "दुसरीकडून भाईर पडायला वाट किती रुंद आहे?" तो म्हणाला, "आता जा की बाई, हजार लोक जातात रोज." मी गेले नाही. बाईंची चप्पल सांभाळायला म्हणून बाहेर बसले. बाईंची चप्पल बाईंच्या पायातच होती. मला अडवायला तिथं अण्णा नव्हते. मी मला अडवलं होतं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा अण्णांचा खूप राग आला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "गेलतीस का अंधारीत?" मी म्हटलं, "नाय." ते म्हणाले, "शानी माझी पोर." डोक्यावरून हात फिरवला. मी तो हात बाजूला केला.

लग्नाकार्यात तर त्यांना न्यायची सोयच नव्हती. मावसभावाचं लग्न फर्दापूरला होतं. मांडव मोठा, पडदे झिरमिरीत, समोर बुद्धमूर्ती आणि तिच्यापुढं मेणबत्त्यांची रांग. भन्तेजींनी त्रिसरण सुरू केलं, सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. अण्णा डोळे उघडे ठेवून मेणबत्त्या आणि पडदा यांच्यातलं अंतर मापत होते. दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांनी दम धरला. मग हळूच पुढं झाले आणि एकेक मेणबत्ती उचलून अलीकडं ठेवायला लागले. भन्तेजी थांबले नाहीत, पण आवाज जरा वाढला. नवरदेव हसायला लागला, नवरीच्या बापाला तो अपमान वाटला. जेवणं होईपर्यंत अण्णा मंडपाच्या मागं आचाऱ्याच्या सिलिंडरपाशी उभे होते. त्यांना पान तिथंच नेऊन द्यावं लागलं. परतीच्या एसटीत आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. सिल्लोडला म्हणाली, "माझ्या माहेरच्या माणसात मला येकदा तरी नीट बसू द्या." अण्णा म्हणाले, "बरं." पण आई पुन्हा माहेरच्या लग्नाला गेली नाही. न्यायचं म्हटलं की तिचंच डोकं दुखायचं.

हे सांगायला हवं. माणूस गेला की त्याच्या खोड्या गोड वाटायला लागतात. अण्णांच्या खोड्या तेव्हा गोड नव्हत्या. त्यांनी आमचं जगणं एका खोलीएवढं करून ठेवलं होतं, आणि त्या खोलीचं दार उघडं असलं तरी ते पळून जाण्यासाठी होतं, फिरायला जाण्यासाठी नव्हतं.

सगळ्यांत वाईट झालं ते पुण्याचं. मी बी. कॉम. झाले आणि मला पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. अर्ज मी लपून केला होता. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, सोडून येतो." मला इतका आनंद झाला, की त्या 'सोडून येतो'मध्ये काय काय असेल याचा मी विचारच केला नाही.

हॉस्टेल म्हणजे एक जुनी तीन मजली इमारत. बावीस मुली. अण्णांनी माझी ट्रंक खाली ठेवली आणि जिना बघितला. जिना एकच. जिन्याखाली मेसचे सहा सिलिंडर. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना गज. त्यांनी मालकाला विचारलं, "दुसरा जिना कुठं हाय?" मालक हसला. "काका, चौदा वर्षं झाली. आजपर्यंत काही झालं नाही."

हे वाक्य अण्णांपुढं बोलायला नको होतं. पण त्या बिचाऱ्याला काय माहीत.

अण्णांनी ट्रंक वर नेऊन ठेवली. मला सोडून, डोळे पुसून, गाडीत बसले असं मला वाटलं. ते गेले होते अग्निशमनच्या ऑफिसात. तिथं त्यांनी लेखी अर्ज दिला, जिन्याचा नकाशा स्वतः काढून जोडला, पोच घेतली, आणि मग गाडीत बसले. वीस दिवसांनी हॉस्टेलला इमारत रिकामी करायची नोटीस लागली. आम्ही बावीस जणी आपापल्या बॅगा घेऊन रस्त्यावर उभ्या होतो. एकीची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. ती रडत होती. अर्ज कोणाचा होता ते मालकानं सगळ्यांना वाचून दाखवलं. मग बाकीच्या एकवीस जणी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी त्याच दिवशी परत आले. दुसरी खोली शोधता आली असती. पण मला पुण्यात कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

अण्णांनी दार उघडलं. मी म्हटलं, "तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "पोरी जित्या हायत ना?" त्यानंतर मी त्यांच्याशी एक वर्ष बोलले नाही. अक्षरशः एक शब्द नाही. त्या इमारतीचं पुढं काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. ती आजही उभी आहे. खाली बेकरी झाली आहे म्हणे, आणि जिना अजून एकच आहे.

त्या वर्षात अण्णा माझ्याबद्दल आईशी बोलायचे, मी समोर असताना. "बॉयलरला आतलं पाणी दावणारी काच असती बघ. ती भरलेली असली की स्वच्छ दिसती आन् पार रिकामी असली तरी तशीच दिसती. नुसतं बघून कळत नाय. कॉक खोलून बघावं लागतं." आई म्हणायची, "मंग?" ते माझ्याकडं न बघता म्हणायचे, "हिचं काय कळंना मला." मी ताट उचलून आत जायचे. कॉक उघडला असता तर काय बाहेर आलं असतं, ते त्यांना झेपलं नसतं.

पुढं मी इथल्याच एका कॉलेजात क्लार्क म्हणून लागले. माझं लग्न झालं ते चार गल्ल्या सोडून. हे स्थळ अण्णांनीच बघितलं होतं. मुलगा शांत, घर पक्कं, मागं-पुढं दोन दारं, आणि अण्णांच्या गच्चीवरून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. यातला शेवटचा मुद्दा मला लग्नानंतर कळला. संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली की मला सवयीनं तिकडं बघावंसं वाटायचं. गच्चीवर पांढरा सदरा दिसायचा.

कंपनीतून ते निवृत्त झाले त्या दिवशी मी कार्यक्रमाला गेले होते. मॅनेजर भाषणात म्हणाले, "साळवेंच्या काळात बॉयलर हाउसमध्ये काहीच घडलं नाही." लोक हसले. मॅनेजरसुद्धा हसले. मग त्यांनी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी अण्णांकडं बघितलं. ते हसत नव्हते. ते मान खाली घालून, त्यांना एखादं मोठं पदक दिल्यासारखे उभे होते. एकतीस वर्षं रोज भिऊन त्यांनी एवढंच मिळवलं होतं आणि ते त्यांना पुरेसं होतं. हे मला तिथं कळलं. मी म्हटलं, "घड्याळ चांगलं आहे."

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं, तीन नळ्या बंद. अण्णा पुढं वाकून म्हणाले, "स्केल जमलंय म्हणा की. नळ्यांना क्षार धरतोय, तसं." डॉक्टर खूश झाले. म्हणाले, बायपास करावं लागेल, उशीर करू नका. सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका काका. रोज करतो आम्ही. काही होत नाही."

अण्णा उठले, चपला घातल्या आणि घरी निघाले.

पुढचे सोळा दिवस मी कधी विसरणार नाही. ते ऐकायला तयार नव्हते. "काय व्हत नाय म्हणणाऱ्याच्या हातात मी जीव देणार नाय," एवढंच. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि कठडा बघत असल्याचं नाटक करायचे. ऑफिसात माझा फोन वाजला की मी नंबर बघायचे. आईचा नंबर दिसला की आधी डोळे मिटायचे, मग उचलायचा. ती विचारायची, "मेथी आणू का?" आणि मी टेबल धरून उभी असायचे. सकाळी उठल्यावर खिडकीतून पहिल्यांदा गच्ची बघायची. पांढरा सदरा दिसला की चहा ठेवायचा. इतकी वर्षं ज्या भीतीला मी हसले, चिडले, ती सगळी आता माझ्याकडं आली होती, आणि गंमत म्हणजे अण्णा शांत होते.

सतराव्या दिवशी त्यांनी अट घातली. "ऑपरेशनच्या वक्ताला आत हवा कोन सोडतंय, त्याला मला दाव."

हवा म्हणजे ऑक्सिजन. मी हॉस्पिटलात हातापाया पडून परवानगी काढली. तळघरात एक खोली होती. भिंतीला सिलिंडरांची रांग, वर पितळी नळ्या, मधोमध दाब दाखवणारा एक मोठा काटा, आणि त्याच्यासमोर खुर्चीवर निळ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस. शकीलभाई. अण्णा दारात उभे राहिले आणि दहा मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "काटा किती?"

शकीलभाई मागं वळून आमच्याकडं बघत होते. काट्याकडं न बघताच म्हणाले, "सव्वाचार."

"न बघताच सांगताय?"

"चाचा, सुबह से उसीकूच देखरा मैं. बीवीकू बी इतना नहीं देख्या."

अण्णांनी पुढं जाऊन बघितलं. सव्वाचार होता. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "हितं कधी काय झालंय का?"

शकीलभाईंनी विचार केला. "अब तक तो नहीं हुआ. पर होने कू क्या टाइम लगता, चाचा?"

अण्णा माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता. "हितंच करू ऑपरेशन," ते म्हणाले.

चार दिवस आधी त्यांना भरती केलं. रोज दुपारी ते बेडवरून नाहीसे व्हायचे आणि सिस्टर चिडून मला फोन करायच्या. मला माहीत असायचं ते कुठं असतील. शकीलभाईंनी कँटीनमधून त्यांच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली होती. दोघं काट्यासमोर शेजारी-शेजारी बसायचे. मी दारातून बघून परत यायचे. अण्णांना एकतीस वर्षांत कोणी मित्र होता का, हे मला आठवत नव्हतं. घरी तर कोणीच आला नव्हता. कुकरच्या भीतीनं असेल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना हिरवा डगला घालून स्ट्रेचरवर घेतलं. आईनं त्यांचे पाय नीट झाकले. मी दारापर्यंत शेजारून चालत गेले. मला वाटलं, आता ते विचारतील, आत दुसरं दार आहे का, जनरेटर आहे का, सिलिंडर बदलला का. मी सगळी उत्तरं काढून ठेवली होती.

त्यांनी काहीच विचारलं नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, "काय व्हत नाय. जा, च्या पिऊन ये."

अण्णांच्या तोंडून हे वाक्य मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. दार बंद झालं आणि मी तिथंच भिंतीला टेकले.

ऑपरेशन दहाला सुरू झालं. मी आणि आई बाहेरच्या बाकावर. माझा नवरा रक्ताच्या पिशव्यांसाठी खाली-वर करत होता. अकराला मागच्या जिन्यानं शकीलभाई वर आले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "ताई, ग्यारा बज गए. प्रेशर सव्वाचार. बराबर है." एवढं बोलून गेले. आई म्हणाली, "किती चांगली पद्धत हाय इथली." मलाही ती हॉस्पिटलची पद्धतच वाटली. बाराला ते पुन्हा आले. "बारा बज गए ताई. बराबर है." एकला आले. दोनला आले. मला त्याची इतकी सवय झाली होती, की साठातली पंचावन्न मिनिटं मी जिन्याकडं बघत काढायचे. निळा शर्ट दिसला, की श्वास सुटायचा आणि पुढच्या तासासाठी पुन्हा धरायचा. आतून दुसरं कोणी बाहेर येत नव्हतं, काही सांगत नव्हतं. त्या चार तासांत मला जगातलं एकच माहीत होतं, काटा सव्वाचारवर आहे.

पावणेतीनला डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी सांगितलं, की नळ्या बसवून झाल्या होत्या, पण हृदयाचं काम करणाऱ्या मशिनवरून काढल्यावर हृदय चाललंच नाही. खूप प्रयत्न केले. आई त्यांचं सगळं ऐकून म्हणाली, "मंग कवा आनता त्यान्ला भाईर?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी आईला जवळ घेतलं आणि तिच्या कानात सांगितलं.

तीन वाजता शकीलभाई आले. त्यांना काही कळलेलं नव्हतं, तळघरात कोण सांगणार. "ताई, तीन बज गए. प्रेशर..." आणि त्यांनी आईकडं बघितलं. ते खाली बसले, तिथंच, फरशीवर.

मी त्यांना विचारलं, "शकीलभाई, तुम्ही सगळ्यांना असं सांगायला येता?"

त्यांनी मान हलवली. "नक्को पूछो ताई."

"सांगा."

"चाचा ने वादा लिया था. बोले, मैं अंदर रहूंगा, मेरी पोरगी बाहेर बसेगी. वो लई डरती. उसकू डरना मैंनेच सिखाया. अब उसका डर निकालना मेरेकू नहीं आता. तू हर घंटे जाके उसकू बोल, बराबर है." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "कल दुपहर मेरा हाथ पकडके बैठे थे. हाथ ऐसा थरथर कापरा था. बोले, शकील, मेरेकू लई डर लगरा. पर मेरी पोरगी कू नक्को बोल."

मला आठवला तो सकाळचा हात. तो थरथरत नव्हता. तो कसा आवरला असेल त्यांनी?

शकीलभाई उठले. जायला निघाले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं.

"ताई, चार बजे... आऊं क्या नक्को?"

मी म्हटलं, "या."

चार वाजले तेव्हा आम्ही कागदांवर सह्या करायला खाली थांबलो होतो. निळा शर्ट गर्दीतून आम्हाला शोधत आला. माझ्यासमोर नीट उभं राहून शकीलभाई म्हणाले, "चार बज गए, ताई. प्रेशर सव्वाचार. बराबर है."

मी मान हलवली, आणि मग मला रडू आलं.